बंडीचा आरा, नळाची मूठ

आर्वी तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरी गुरांच्या कोठ्यात डोकावून पाहा. भिंतीला टेकून बंडीचे एखादे चाक उभे असते. वर आढ्याला तिफणीचे चाडे टांगलेले, कोपऱ्यात वखर, मोडके जू, त्याच्या दोन-तीन शिवळा. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख. पांढऱ्या, चपळ बैलांच्या या जातीचे शासकीय पैदास केंद्र हेटीकुंडीला आहे. पण आता बहुतेकांची नांगरणी ट्रॅक्टरने होते. बैल गेले की अवजारे कोठ्यात जातात आणि दोन-चार पावसाळे काढून कोठ्यातून बाहेर पडतात. लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर जाते, लाकूड चुलीत जाते. चाळीस वर्षे जुन्या बाभळीच्या आऱ्याला सरपणाचा भाव मिळतो.

हा लेख त्या लाकडासाठी आहे. त्यातून करता येईल अशी एक छोटी, नेमकी आणि शहरात मागणी असलेली वस्तू मी सुचवतो आहे. बिअरच्या नळाची मूठ. शहरात तिला ‘टॅप हँडल’ म्हणतात.

वाचक इथे थबकतील, आणि थबकणे योग्यच आहे. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनारच्या या जिल्ह्यात बिअरचा नळ नाही, आणि तो यावा असे मला वाटतही नाही. पण मूठ म्हणजे लाकडाचा नाहीतर लोखंडाचा घडवलेला तुकडा. तो इथे घडवावा आणि जिथे परवान्याने नळ चालतात तिथे पाठवावा. शिवाय त्याच जातीच्या नळांवर शहरांत आता कोल्ड ब्रू कॉफी, कोंबुचा आणि सोडाही मिळतो. ज्याला बिअरशी संबंध नको असेल त्याने केवळ त्यांच्यासाठी मुठी कराव्यात. आटे तेच, माप तेच.

ही मूठ काम काय करते ते आधी समजून घ्या. बिअर पोलादी पिंपात वायूच्या दाबाखाली असते. पिंपाची नळी काउंटरवरच्या नळाला येते. नळाच्या माथ्यावर आटे पाडलेली एक छोटी दांडी वर आलेली असते, तिच्यावर मूठ फिरवून बसवतात. मूठ उभी असली की नळ बंद, पुढे ओढली की चालू, मागे ढकलली की पुन्हा बंद. गिऱ्हाईक समोर बसते आणि त्याला मुठीवरून कळते की कोणत्या नळाला काय आहे. मूठ म्हणजे एकाच वेळी कळ आणि पाटी.

हाताने ओढायच्या बिअरपंपाचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९७ साली घेतले. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यावर नळांवर नाव लिहिलेल्या गोल मुठी दिसू लागल्या, आणि पुढे छोट्या ब्रूअरी वाढल्या तशा मुठींनी नाना आकार घेतले. कुऱ्हाडीचा दांडा, हॉकीची काठी, जुना पाना, सायकलचा सुटा भाग, जे हातात धरता येईल ते लोकांनी नळावर चढवले. महाराष्ट्रात पहिली मायक्रोब्रूअरी २००९ साली पुण्यात सुरू झाली, तिचे नाव डूलॅली. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा जागा वाढत गेल्या. साच्यात ओतलेली रेझिनची मूठ सगळीकडे मिळते. बैलाच्या मानेवर राहिलेल्या शिवळेची मूठ साच्यातून निघत नाही.

कोणती वस्तू घ्यावी

माझा नियम एकच आहे: जी वस्तू मुळात हाताने धरायची होती, ती आधी घ्या. सुताराने ती एकदा हाताच्या मापाने घडवलेली असते आणि पुढे माणसांनी वर्षानुवर्षे धरून तिला आणखी नीट केलेले असते. नांगराचे रुमणे याचे उत्तम उदाहरण. वरच्या टोकाला जिथे तळवा टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत, काळपट आणि किंचित दबलेले असते. हा दाब कोणत्याही यंत्राने आणता येत नाही. रुमण्याचा वरचा वीतभर भाग कापला की अर्धी मूठ झालीच.

जात्याचा खुंटा तसाच. ताकाची रवी तर जणू याच कामासाठी केलेली आहे: उलटी धरली की खाली बारीक दांडा, वर कोरलेली फुलासारखी गेंद. फक्त दांडा नऊ-दहा इंचांवर कापावा लागतो आणि तो बारीक असेल तर खाली जाड बूड जोडावे लागते. लाटणे सोपे, पण त्यात पाहण्यासारखे काही नसते. शिकाऊ माणसाने पहिले भोक पाडायला लाटणे घ्यावे.

बंडीच्या चाकाचा आरा हे माझे आवडते लाकूड. तो मुळातच निमुळता असतो, दोन्ही टोकांना कुसू असतो, आणि धावेच्या बाजूला मातीचा जो रंग लाकडात मुरलेला असतो तो पॉलिश केल्यावर फार सुंदर उठतो. माझ्याकडच्या चाकाला बारा आरे होते. एका आऱ्याची एक मूठ धरली तर एका चाकाचा बारा मुठींचा संच होतो, सगळ्या एका हाताच्या, एका झाडाच्या. ब्रूअरीला नेमके हेच हवे असते, कारण तिच्याकडे नळ एक नसतो, ओळीने सहा-आठ असतात.

तिफणीचे चाडे मुठीच्या माथ्यावर शोभते. पेरणीच्या वेळी त्यात मुठीने बी सोडतात, खाली नळ्यांना जाणारी भोके असतात. आख्खे चाडे फार मोठे आणि जड होते. तडा गेलेले, अर्धे तुटलेले चाडे असेल तर त्याची उभी फाक घ्या. धड असेल तर कृपा करून कापू नका. तशी चाडी करणारे सुतार आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. लाकडी कुडव, ज्याला आपण कुडो म्हणतो, त्याचेही तेच. मोडलेली वस्तू वापरा, चालती वस्तू चालू द्या.

कापसाच्या मुलखात सूतगिरण्यांच्या लाकडी बॉबिन भंगारात सापडतात. पुलगाव, हिंगणघाट, नागपूर या सगळ्या गिरण्यांची गावे. बॉबिनला मधोमध आरपार भोक असतेच, त्यामुळे अर्धे काम आयते होते. लोहारी वस्तूंत जुना पाना, कानशीची मूठ, सायकलचे पेडल, हातपंपाच्या दांड्याचे टोक चालते. काच आणि चिनी माती टाळा. ओल्या हाताने, घाईत, रात्री अकरा वाजता वापरायची वस्तू आहे. फुटली तर कुणाचे तरी बोट कापेल.

काय घेऊ नये

इथे मी जरा कठोर होणार आहे.

पुलगाव-आर्वी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी रेल्वेलाइन आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. गाडी बंद झाली. रुळांचे खिळे परदेशात मुठींसाठी लोकप्रिय आहेत आणि कुणाला तरी मोह होईल. रुळाजवळचा खिळा, पट्टी, बोल्ट काहीही उचलू नका. गाडी बंद असली तरी माल रेल्वेचाच आहे, आणि तो बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. असा खिळा हवाच असेल तर लिलावातून माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडून पावती घेऊन घ्यावा आणि पावती जपावी.

सांबर-चितळाचे शिंग जंगलात गळून पडलेले मिळाले तरी उचलायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिंग गळलेले होते हा बचाव तिथे चालत नाही. बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. या भागातून शिंगाची मूठ बाहेर गेली तर प्रश्न विचारले जातीलच.

शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू, कोरीव खांब, धातूकाम हातात आले तर कापण्याआधी थांबा. १९७२ च्याच पुरावशेष कायद्याखाली अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. ती संग्रहालयाची वस्तू आहे.

आणि चौथी गोष्ट कायद्याची नाही, आपल्या मनाची आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, देवाच्या घंटा, चरखा आणि त्याची चाती या वस्तू बिअरच्या नळावर चढवू नयेत. शहरातला एखादा गिऱ्हाईक चरख्याच्या मुठीला दुप्पट पैसे देतो म्हणेल. वर्ध्याच्या माणसाने त्याला नाही म्हणावे. आमच्या घरच्या जात्याचा खुंटाही मी विकायला काढला नाही. तो कुठे लागला ते पुढे सांगतो.

माप आणि वजन

मुठीची उंची सात ते दहा इंच ठेवा. काउंटरवर नळ एकमेकांपासून तीन-चार इंचांवर असतात, म्हणून रुंदी अडीच इंचांच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर एक मूठ ओढताना शेजारची हलते. माथा पुढे झुकलेला नको. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत असलेले चांगले.

वजनाचा मुद्दा मी चुकून शिकलो. माझी पहिली मूठ आख्ख्या आऱ्याची होती, वर लोखंडी धावेचा तुकडा खिळलेला. दिसायला देखणी. नळावर बसवली, दोन-तीनदा ओढली, चौथ्यांदा मागे ढकलून हात सोडला तर ती आपल्याच भाराने हळूच पुढे आली आणि नळ चालू झाला. सगळा काउंटर ओला. माथा जड आणि पुढे झुकलेला असला की असेच होते. बाभळीचा २० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर जाड-रुंद तुकडा एकटाच चारशे ग्रॅमच्या घरात जातो हे ध्यानात ठेवा. सागवान त्याहून हलके. बाभूळ असेल तर पाठीमागून, जिकडे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिकडून, पटाशीने खोल खाच घेऊन वजन उतरवा. समोरचा जुना पृष्ठभाग तसाच राहतो.

आर्वीत नळ नाही तर तपासायचे कशावर? एक फळी घ्या, तिच्यावर जाड बिजागरी पक्की करा, बिजागरीच्या हलत्या पानावर तीन सुती (३/८ इंची) बोल्ट वेल्डिंगवाल्याकडून उभा डकवून घ्या. बिजागरी थोडी घट्ट असावी. मूठ त्यावर बसवा, पुढे-मागे शंभर वेळा हलवा, मग उभी करून रात्रभर सोडा. सकाळी उभीच असेल तर पाठवायला हरकत नाही.

आटे

इथेच बहुतेक मुठी बिघडतात, म्हणून सावकाश सांगतो.

अमेरिकी पद्धतीच्या नळाच्या दांडीला तीन सूत, म्हणजे ३/८ इंच व्यासाचे आटे असतात, एका इंचात १६. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात जो तीन सुती नट-बोल्ट पिढ्यानपिढ्या विकला जातो त्यालाही एका इंचात १६ आटे. फरक फक्त आट्याच्या कोनात आहे: आपला जुना ब्रिटिश आटा ५५ अंशांचा, अमेरिकी ६० अंशांचा. म्हणून दुकानातला नट त्या दांडीवर बहुधा बसतो, पण थोडा आवळून. जोर लावून बसवू नका. मेकॅनिककडे ३/८-१६ यूएनसीचा आटे पाडायचा टॅप असेल तर तो एकदा नटातून फिरवून घ्या, नट मोकळा चालेल.

काही नळांवर, विशेषतः युरोपी बनावटीच्या, मिलिमीटरचे आटे असतात. १० मिलिमीटरचा नट तीन सुती दांडीवर सुरुवातीला जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावला की दोन्हीकडचे आटे संपले. म्हणून ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाकडून एक सुटी दांडी किंवा त्यांच्या जुन्या मुठीचा पितळी तुकडा मागून घ्या. फोटोवर आणि फोनवर विश्वास ठेवून काम सुरू करू नका.

लाकडात थेट आटे पाडू नयेत. बूड ओले होत राहते, लाकूड सुजते-आखडते, आटे चार महिन्यांत झिजतात. आत धातू हवाच. पितळी इन्सर्ट मिळाले तर उत्तम. आर्वीत न मिळाले तर तीन सुती लांब नट घ्या, ज्याला कपलिंग नट म्हणतात. नटाच्या कोपऱ्यांच्या मापाचे भोक बुडातून सरळ वर पाडा, खोली नटापेक्षा अर्धा इंच जास्त, म्हणजे आत गेलेली दांडी टेकणार नाही. भोक वाकडे गेले तर मूठ नळावर कायमची तिरकी दिसेल आणि त्याला इलाज नाही. बूड आधी गुण्याने काटकोनात कापा, तिरप्या दोन रेघांनी मध्य काढा, चार मिलिमीटरच्या पात्याने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मोठे करा. खराद यंत्र जवळ असेल तर भोक तिथेच पाडून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे.

नट बाहेरून कानशीने खरबरीत करा, त्याचे तेल थिनरने पुसा. नटात एक बोल्ट ग्रीस लावून फिरवून ठेवा, नाहीतर चिकट आत शिरून आटे बुजतात. मग अराल्डाइट भरा, लवकर सुकणारे नव्हे, संथ सुकणारे, आणि आख्खा एक दिवस हात लावू नका. भोक लाकडाच्या रेषेच्या दिशेने असल्याने नुसत्या आट्यांवर पकड टिकत नाही, चिकट लागतेच. नटाच्या सहा कडा त्याला फिरू देत नाहीत.

बुडाला पितळी शेंबी चढवा. काठीला असते तशी. प्लंबरकडचा पाऊण किंवा एक इंची पितळी तुकडा कापला की झाली. ती शोभेसाठी नाही. मूठ आवळताना लाकूड उभे फाटते ते शेंबी फाटू देत नाही.

शेवटची अडचण तोंडाची. मूठ पूर्ण आवळली आणि तिचे तोंड भिंतीकडे झाले तर काय उपयोग? यासाठी नळाच्या दांडीवर आधी एक पातळ चेक नट बसवतात. मूठ हवी त्या दिशेला आणून चेक नट खालून वर आवळायचा. प्रत्येक मुठीसोबत हा नट पाठवा. दोन-चार रुपयांची वस्तू आहे, पण ती नसली की बारवाला मूठ परत पाठवतो.

साफसफाई आणि पॉलिश

खरादावर किंवा रंध्याखाली घालण्याआधी लाकडावर लोहचुंबक फिरवा. जुन्या आऱ्यात मोडलेले खिळे खोल गेलेले असतात; एक खिळा पात्याची धार घालवतो आणि उडाला तर डोळा घालवतो.

जुन्या बंड्या, जू, दरवाजे पुष्कळदा रंगवलेले असतात. जुन्या तैलरंगात शिसे असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा, चिखल अंगणात न सांडता कागदात गोळा करा.

वाळवी आणि भुंगा पाहा. पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. औषध भोकांत सुईने भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवावे लागते. लाकूड पोकळ झाले असेल तर ते सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचे. झिजलेली जागा घासून टाकू नका. तळव्याने दबलेला भाग, दोराने पडलेली खाच, लोहाराच्या हातोडीचा ठसा यांसाठीच गिऱ्हाईक पैसे मोजतो आहे. बारीक कागदाने फक्त कुसळे आणि धारा काढा. मी काही मुठी पाहिल्या आहेत ज्यांत जुने रुमणे इतके तासले होते की ते कालच्या सागवानाचे वाटावे. मग जुने लाकूड घेतलेच कशाला?

आपले सुतार सवयीने स्पिरिट पॉलिश लावतात. या कामाला ते चालत नाही. त्यातली लाख स्पिरिटमध्येच विरघळते, आणि ज्या काउंटरवर दारू सांडते तिथे ते पॉलिश चिकट होऊन निघते. मेलामाइन किंवा पीयू वापरा, तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर हलका पेपर. लोखंडाला गंज काढून, ऊब देऊन पारदर्शक लॅकर मारा. सुतळी, कातडे, कापड बाहेर उघडे ठेवू नका. बिअरचे गोड थेंब त्यात मुरतात आणि बुरशी धरते. भेगा अराल्डाइटमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरा, ओल आत जायला वाट नको.

हवेचाही हिशेब धरा. आर्वीच्या मे महिन्यात लाकूड हाडासारखे सुकलेले असते. तेव्हा घट्ट बसवलेली शेंबी आणि नट घेऊन ती मूठ जुलैत मुंबईला पोचते आणि लाकूड फुगते. शेंबीत केसभर फट ठेवा आणि बुडाचा, भोकाच्या आतला लाकडाचा उघडा भागही पॉलिशने बंद करा. बहुतेक जण बाहेरून चार हात मारतात आणि आतला भाग कोरडा ठेवतात; पाणी तिथूनच शिरते.

नाव, किंमत, गिऱ्हाईक

मुठीवर ब्रूअरीचे नाव किंवा चिन्ह त्यांच्या लेखी परवानगीशिवाय कोरू नका. त्याहून बरे म्हणजे समोर सपाट जागा सोडा, नाव त्यांना लावू द्या. बिअरचे नाव बदलले तरी मूठ तीच राहते, हे त्यांनाही सोयीचे. आपल्या कार्यशाळेच्या पाटीवर आणि जाहिरातीत दारूचा उल्लेख टाळा. लाकडी मुठी आणि हस्तकला एवढे लिहा. दारूबंदी कायद्यात जाहिरातीवरही निर्बंध आहेत आणि आपण बंदीच्या जिल्ह्यात बसलो आहोत.

किंमत ठरवताना लाकडाचा भाव धरू नका, वेळ धरा. शोधणे, साफ करणे, भोक, चिकट, पॉलिश हे सगळे धरले तर चांगल्या मुठीला सुताराचा दीड ते दोन दिवसांचा वेळ जातो, अर्थात मधले सुकण्याचे तास सोडून. त्या रोजीत नट, शेंबी, पॉलिश, पॅकिंग मिळवा, आणि एका सेटमागे एक मूठ बिघडते तिचा खर्चही. नवीन गिऱ्हाइकाकडून अर्धी रक्कम आधी घ्या. पहिल्यांदा तीन मुठींचा नमुना पाठवा, एकटी मूठ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सुतार आणि लोहार या दोन्ही व्यवसायांना केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत जागा आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाख, असे तिचे स्वरूप. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम वर्ध्यातच झाला होता. वर्ध्याला मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. अवजारे, फिनिश, नमुना यांविषयी प्रश्न असतील तर एक चक्कर तिथे मारा. शेजारी मगन संग्रहालयही पाहून घ्या. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले, आणि गावच्या सुतार-लोहाराच्या कामाकडे पाहायची नजर तिथे मिळते.

घरच्यासाठी

आता तो जात्याचा खुंटा. आईच्या बोटांचे सांधे दुखतात. पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या टाकीला जो छोट्या चावीचा नळ असतो तो तिला फिरवता येत नव्हता. मी टाकीला बिअरच्या नळासारखाच ओढायचा स्टेनलेस स्टीलचा नळ बसवला. क्रोमचा मुलामा दिलेला पितळी नळ स्वस्त मिळतो, पण मुलामा निघतो, म्हणून पिण्याच्या पाण्याला स्टेनलेसच घ्या. टाकी उंचावर ठेवली की वायूशिवाय, नुसत्या उताराने पाणी येते, धार जरा सावकाश असते एवढेच. त्या नळावर खुंटा चढवला. बोटे वळवावी लागत नाहीत, तळव्याने ओढले की पाणी येते. याच खुंट्याला धरून तिने आणि तिच्या सासूने दळण दळले होते. तिने तो पहिल्यांदा धरला तेव्हा हात बरोबर जुन्याच जागी गेला.

पाणपोईवर हाच नळ आणि हीच मूठ लावता येईल. म्हातारी माणसे, लहान मुले, एका हातात पिशवी असलेली बाई, सगळ्यांना सोपे जाते. मूठ लांब असल्याने जोर कमी लागतो. उन्हाळ्याच्या आधी कुणा मंडळाने पाणपोई घालायचे ठरवले तर गावातल्या सुताराला हे काम द्यावे. दारूच्या नळापेक्षा या नळावर बसलेली मूठ मला जास्त आवडेल.

एक विनंती आहे. मूठ करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ही वस्तू कुणी केली, कोणत्या झाडाची, कोणत्या शेतावर चालली. उत्तर एका कागदावर लिहा आणि मुठीसोबत पाठवा. आणि येत्या फाल्गुनात कोठा झाडायला काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक दिवस थांबा, प्रत्येक लाकूड एकदा हातात धरून पाहा.